दिवसभर टिकणारं लिंबू

या जगात जे जे चांगलं असतं ते थोडाच वेळ टिकतं, आणि जे जे टिकतं त्याला माणसं कंटाळतात. हे सत्य अनेक थोरामोठ्यांनी आपापल्या परीनं सांगून ठेवलं आहे. पण ते बाटलीत भरून, वर फवारा बसवून आणि खोक्यावर ‘दिवसभर’ असं छापून विकण्याची बुद्धी फक्त आमच्या कंपनीला झाली. मी या कंपनीच्या समाधान कक्षाचा प्रमुख आहे. कक्षात मी एकटाच असल्यामुळे शिस्त उत्तम आहे.

समाधान कक्ष म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी जिथे येतात ती खोली. पूर्वी तिला तक्रार विभाग म्हणत. नाव बदलल्यावर पहिल्याच वर्षी तक्रारींत शंभर टक्के घट झाली, कारण त्यांची नोंद ‘समाधानाच्या संधी’ या सदरात होऊ लागली. त्या वर्षी संधी मात्र भरपूर आल्या.

इथे येण्याआधी मी एका वर्तमानपत्रात घरं भाड्यानं देण्याच्या जाहिराती लिहीत असे. छप्पर गळत असेल तर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’, खिडकीला तावदान नसेल तर ‘हवेशीर’, आणि घरमालक वरच्याच मजल्यावर राहत असेल तर ‘कौटुंबिक वातावरण’. माझे हे गुण आमच्या धाकट्या साहेबांच्या कानावर गेले आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. (थोरले साहेब, म्हणजे त्यांचे वडील, आता निवृत्त आहेत. ते रोज सकाळी साडेनवाला फोन करून आपण निवृत्त असल्याचं कळवतात.) तक्रारींबरोबर मालाची वर्णनं लिहिण्याचं कामही माझ्याकडे आलं. एकाच माणसानं आधी आश्वासन द्यावं आणि मग त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त करावी, यात वेळेची मोठी बचत होते.

तर झुळूक. झुळूक हा आमचा उन्हाळी सुगंध. (लोक त्याला सेंट म्हणतात. आम्ही त्यांना माफ केलं आहे.) त्याच्या माहितीपत्रकात मी लिहिलं होतं: ‘स्वभाव मनमोकळा, तरतरीत आणि हसतमुख. ओळख पटकन करून घेणारा, पण अंगचटीला न येणारा. हवेशीर.’ हे लिहिलं तेव्हा मला सर्दी होती, त्यामुळे मनात कुठलाही पूर्वग्रह नव्हता.

सर्दी गेल्यावर मी झुळूक हुंगली आणि जरा ओशाळलो, कारण ती खरोखरच चांगली होती. संत्र्याच्या सालीला नख लावलं की जे बारीक तुषार उडतात आणि नेमके डोळ्यात जातात, तशी तिची सुरुवात. पाठोपाठ लिंबू, पण सरबतातलं गोडगोजिरं लिंबू नव्हे, तर विळीवर बीसकट चिरलं गेलेलं, किंचित कडवट. मग पपनसाच्या जाड पांढऱ्या सालीचा कोरडा, कागदासारखा गारवा. त्यात कुठेतरी चुरगळलेलं पान. सगळं इतकं उघडं आणि लख्ख, की वाटावं कुणीतरी खोलीचं दार उघडून आत डोकावलंय आणि आता काहीतरी गमतीचं सांगणार आहे. आपण कान देतो. तेवढ्यात ते माणूस निघून गेलेलं असतं.

ही करामत नाककाकांची. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण कंपनीत कोणी त्यांना त्या नावानं हाक मारत नाही. चौतीस वर्षं ते मागच्या खोलीत बसून वास जुळवतात. दुपारच्या डब्यात कच्चा कांदा नाही, बसमध्ये नाकावर रुमाल, आणि कोणाशी हस्तांदोलन नाही, कारण लोकांचे साबण त्यांना तासभर छळतात. माणूस जिना चढून वर येण्याआधी ते त्याला ओळखतात. मला एकदा म्हणाले, “आज बस चुकली, पळत आलास, आणि बायकोशी भांडून आलास.” मी विचारलं, भांडण वासावरून कसं कळलं? म्हणाले, “शर्टाला इस्त्री नाही. ते डोळ्यांनी कळलं.”

सुगंध कसा बांधतात तेही त्यांनीच मला शिकवलं. सुगंधाला तीन थर असतात. वरचा थर लगेच कळतो आणि लगेच उडतो. मधला तासा-दोन तासांनी जातो. तळाचा थर मुकाट्यानं संध्याकाळपर्यंत बसून राहतो. (हे ऐकून मला वाटलं होतं की ते आमच्या कार्यालयाबद्दल बोलताहेत.) लिंबू, संत्रं, पपनस ही सगळी वरच्या थरातली मंडळी. आणि झुळूक म्हणजे जवळजवळ सगळा वरचा थरच. खाली टेकू द्यायला देवदाराचं लाकूड, तेही नावापुरतं.

“लिंबू पाहुणा असतो,” काका म्हणाले, “भाडेकरू नाही. येतं, हसवतं, जातं. त्याला बळेच थांबवलं ना, की त्याचं फिनेल होतं.”

मग खोक्यावर ‘दिवसभर’ हा शब्द कुठून आला, असा प्रश्न एखाद्या वाचकाला पडेल. तो रीतसर आला. चाळीस कर्मचाऱ्यांना सकाळी झुळूक लावण्यात आली आणि संध्याकाळी सुटायच्या वेळी त्यांच्या साहेबांनीच त्यांना विचारलं, “ताजंतवानं वाटतंय का?” सदतीस जण हो म्हणाले. उरलेले तिघे रजेवर होते. घरी निघालेल्या माणसाला ताजंतवानं वाटतंच, अशी शंका काकांनी काढली. पण ती शंका वासाबद्दल नसून माणसांबद्दल असल्यामुळे त्यांच्या अखत्यारीबाहेरची ठरली.

पाच उन्हाळे सगळं सुरळीत चाललं. सहाव्या उन्हाळ्यात बाईंचं पत्र आलं.

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. तसं त्यांनी सहीखाली लिहिलं होतं, पण लिहिलं नसतं तरी कळलं असतं, कारण पत्राला समास होता आणि समासाला रेघ होती. मजकूर असा: ‘आपली झुळूक मी उशीच्या अभ्र्यावर अकरा वेळा फवारून पाहिली. वास किती वेळ राहतो ते स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मोजलं. सर्वांत कमी चौदा मिनिटं, सर्वांत जास्त बावीस, सरासरी अठरा. तक्ता सोबत जोडला आहे. आपण खोक्यावर ‘दिवसभर’ म्हटलं आहे. आपल्या दिवसाची व्याख्या कळवावी.’

समाधान कक्षात सात छापील उत्तरं तयार असतात. मी त्यांना क्रमांक एक पाठवलं: ‘सुगंध असतोच, आपल्या नाकाला त्याची सवय होते.’ या उत्तराचं सौंदर्य असं की ते खोडून काढायला दुसरं नाक लागतं. बाईंचं आठ दिवसांत उत्तर आलं: ‘दुसरं नाक वापरलं. शेजारच्या बाईंना दर पाच मिनिटांनी बोलावून हुंगायला लावलं. त्यांनाही अठराच मिनिटं आला. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे हा प्रयोग पुन्हा करता येणार नाही.’

मी क्रमांक चार पाठवलं: ‘कोरड्या त्वचेवर सुगंध कमी टिकतो.’ त्यावर त्यांनी लिहिलं: ‘प्रयोग अभ्र्यावर केला आहे, हे पहिल्या पत्राच्या पहिल्या वाक्यात आहे. अभ्र्याची त्वचा कोरडी आहे हे मान्य.’

खरं सांगतो, मला हे पत्र आवडलं. मी ते घरी नेऊन बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, मग त्यांना खरं काय ते सांगून टाका.” माझी बायको दवाखान्यात परिचारिका आहे. लोकांना खरं सांगून टाकायची सवय तिला कामामुळे लागली आहे. मी तिला समजावलं की आमच्या धंद्यात कोणाच्या जिवावर बेतत नाही, त्यामुळे खरं सांगण्याची निकड नसते. मी क्रमांक सहा पाठवलं.

चौथं पत्र आलं आणि पंचाईत झाली. कंपनीच्या नियमाप्रमाणे चार पत्रं लिहिणारा ग्राहक ‘जुना स्नेही’ या यादीत जातो, आणि त्या यादीतलं नाव थेट धाकट्या साहेबांच्या टेबलावर जातं. साहेबांनी चारही पत्रं वाचली, तक्ता वाचला, तक्त्याची बेरीज स्वतः करून पाहिली (बरोबर निघाली, याचा त्यांना राग आला), आणि मला बोलावलं.

“हे असं कसं?” ते म्हणाले. “दिवसभर म्हणजे दिवसभर. अठरा मिनिटं हे काय?”

या प्रश्नाची दोन उत्तरं होती. एक असं, की ‘दिवसभर’ हा शब्द आपल्या सभेत ठरला, मी तो खोक्यावर ठळक केला आणि लिंबाला कोणी विचारलं नाही. दुसरं असं, की लिंबू नाककाकांच्या खात्यात येतं. दोन्ही खरी होती. मी त्यांतलं लहान निवडलं.

साहेबांनी लगेच निर्णय घेतला. महिन्याच्या आत काकांनी दिवसभर टिकणारं लिंबू तयार करायचं, नाहीतर त्यांना ‘सल्लागार’ करण्यात येईल. (ज्याचा सल्ला यापुढे कोणी मागणार नाही, त्याला आमच्याकडे हा हुद्दा देतात. सल्लागाराला खुर्ची नसते, कारण त्यानं यायचं नसतं.) हे काकांना सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली. ती मी टाळली नाही. जिना फक्त नेहमीपेक्षा हळू चढलो.

मी दारात पोचायच्या आत काका म्हणाले, “सांग काय ते. घाबरलास की तुला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो.”

मी सांगितलं. त्यांनी हातातली काचेची नळी जाग्यावर ठेवली, चष्मा काढला आणि पुसला.

“लिंबू माझ्या खात्यात येतं, असं म्हणालास?”

“येतंच ना, काका.”

“येतं,” ते म्हणाले. “चुकीचं काही बोलला नाहीस.” मग चष्मा परत लावत म्हणाले, “मी घरी बसून काय करणार रे? घरी एकच वास आहे.” काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. कसला वास, ते मी विचारलं नाही. चौतीस वर्षं ज्यानं सगळ्या कंपनीला हुंगलं त्याला घरी हुंगायला काही उरलं नव्हतं, एवढं माझ्यासारख्या सर्दीच्या माणसालाही समजलं. त्या दिवशी मला डबा गेला नाही. तशी नोंद मात्र कुठे केली नाही.

पुढचे तीन आठवडे मागच्या खोलीतून निरनिराळी लिंबं बाहेर पडत होती. रबरासारखं लिंबू, औषधासारखं लिंबू, एक जळक्या साखरेसारखं. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून ती पट्टी मजल्यामजल्यावर फिरवायची आणि लोकांनी शेरा लिहायचा, अशी पद्धत होती. सत्ताविसाव्या प्रयत्नाला शेऱ्यांची गरज पडली नाही. पट्टी पहिल्या मजल्यावर होती आणि वास तिसऱ्यावर आला.

क्रमांक सत्तावीसला काकांनी वरच्या थराऐवजी तळाच्या थरात खिळवलं होतं. कसं ते मला कळलं नाही. त्यांनी समजावलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. साहेबांनी ती पट्टी खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी वास होता. तिसऱ्या दिवशी होता. नवव्या दिवशी साहेबांनी खण बदलला, तरी जुन्या खणात होताच.

कंपनीत आनंदीआनंद झाला. चाचणीसाठी पुन्हा चाळीस जणांना लावण्यात आलं. एकतीस जणांनी ‘उत्कृष्ट’ असं लिहिलं, सहा जणांनी जागा बदलून मागितली, आणि तिघे रजेवर होते (या तिघांच्या दूरदृष्टीची कंपनीनं अजून दखल घेतलेली नाही). लिफ्टमध्ये लिंबू, जिन्याच्या कठड्याला लिंबू, टपालाच्या पाकिटांना लिंबू. चहा कुठला आणि पाणी कुठलं, ते रंगावरून ओळखावं लागे. मी स्वतः मनगटावर एकच थेंब लावून घरी गेलो, तर दार उघडताच बायको म्हणाली, “अहो, फरशा पुसायचं काम दिलंय का तुम्हाला?”

“छे. समाधानाचंच आहे.”

“मग हात धुऊन या.”

“धुतले.”

“परत धुवा.”

मी परत धुतले. ती जवळ आली, मनगट हुंगलं आणि माझा हात शांतपणे खाली ठेवला, जसा ती दवाखान्यात ठेवत असावी. “जाईल हळूहळू,” ती म्हणाली. मंगळवारची गोष्ट. रविवारी माझं जेवण गॅलरीत होतं.

साहेबांनी ठरवलं की बाईंना समक्ष बोलावून नवी झुळूक त्यांच्या हाती द्यायची, त्यांचा अभिप्राय घ्यायचा आणि तो खोक्यावर छापायचा. जिनं तक्रार केली तिचीच साक्ष, याहून मोठी जाहिरात कुठली. मी निमंत्रण लिहिलं. बाईंनी येत असल्याचं उलट टपाली कळवलं आणि वेळ अकरा वाजून पाच मिनिटांची दिली, कारण त्यांची बस दहा बावन्नला पोचते.

बाई अकरा पाचला आल्या. लहानखुऱ्या, हातात छत्री, काखेत वही, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. बैठकीच्या खोलीत साहेब, मी आणि चार वरिष्ठ होतो. काका दारापाशीच उभे राहिले, कारण मागच्या बाकावर बसण्याची सवय असलेल्या माणसाला मोठ्या टेबलाशी खुर्ची सापडत नाही. बाई खुर्चीच्या कडेला बसल्या आणि त्यांनी नाक किंचित वर केलं.

“फरशी आत्ताच पुसलीत का?”

साहेबांनी हसून बाटली पुढे केली. “बाई, तुमच्यामुळेच आम्ही जागे झालो. ही घ्या. आता दिवसभर टिकते. दिवसभर कशाला, नऊ दिवस.”

बाईंनी वहीतून घडी केलेला एक पांढरा अभ्रा काढला, त्यावर एकदा फवारा मारला, घड्याळ पाहिलं, आणि अभ्रा नाकाशी नेला. मग तो खाली मांडीवर ठेवला. आम्ही वाट पाहत राहिलो. पंचवीस मिनिटं त्या तशाच बसून होत्या. साहेबांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, पण वर्गात बाई बसलेल्या असताना बोलायची हिंमत त्यांना झाली नाही.

“टिकतो,” बाई शेवटी म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेखणी काढली.

“पण ही ती नाही,” बाई म्हणाल्या.

“सुधारित आहे, बाई.”

“असेल.” त्यांनी अभ्र्याची घडी घातली, पण वहीत ठेवली नाही. “माझी मुलगी झुळूक लावायची. ती लांब असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे घरी यायची. बाहेर पडताना घाईघाईनं दोन फवारे मारायची, अर्धा दरवाज्यावर उडायचा, आणि ‘आई, येते गं’ करून जायची. ती गेल्यावरही खोलीत जरा वेळ ती असायची. यंदा तिला सुट्टी मिळाली नाही. पुढच्या वर्षीही नाही म्हणते. गेल्या वेळची बाटली घरीच राहिली होती. मी ती उशीवर मारून बघत होते.”

टेबलाभोवतीच्या वरिष्ठांपैकी एकानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

“मग बाई, तक्रार नेमकी कशाची होती?” साहेबांनी विचारलं.

“शब्दाची. वासाची नव्हतीच. खोक्यावर ‘दिवसभर’ छापलेलं. माझ्या घरात वीस मिनिटंही राहीना. म्हटलं, बाकी सगळ्यांकडे दिवसभर राहत असेल. आपल्याच घरात आता काही राहत नाही.”

या विधानाला माझ्याकडे छापील उत्तर नव्हतं. (सातांपैकी क्रमांक पाच त्यातल्या त्यात जवळ जात होतं, पण ते दमट हवेविषयी आहे.) मी जे बोललो ते कुठल्याच क्रमांकात बसत नाही. “कोणाकडेच राहत नाही, बाई,” मी म्हणालो. “तो शब्द मी छापला. लिंबू तेवढंच टिकतं. सगळ्यांच्या घरी अठराच मिनिटं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गृहपाठ न केल्याचं मुलानं स्वतःहून कबूल केलं तर शिक्षक जसे बघतात तसं. “हे पहिल्याच पत्राला लिहायचं होतंत,” त्या म्हणाल्या. “तीन तिकिटं वाचली असती. आणि शेजारीणही.”

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. “हे नवीन कोणी केलं?”

“मी,” काका म्हणाले.

“आणि आधीचं?”

“तेही मीच.”

“आधीचं चांगलं होतं.”

“माहीत आहे,” काका म्हणाले. मग एक पाऊल आत येऊन त्यांनी विचारलं, “मुलगी घरी असताना किती वेळ राहायचा? जरा वेळ म्हणालात.”

बाई थोडा विचार करून म्हणाल्या, “तेव्हा मोजलं नव्हतं. संध्याकाळी ती परत यायचीच.”

काकांनी मान हलवली. मग बाईंना विचारलं की मागच्या खोलीत आधीच्या झुळुकेची एक मोठी बाटली आहे, ती चालेल का. बाई म्हणाल्या, चालेल, पण खोकं नको. दोघे मागच्या खोलीत गेले आणि तिथे पाऊण तास होते. नंतर कळलं की काकांनी त्यांना अभ्र्याऐवजी लोकरीवर फवारायला सांगितलं. लोकर दोन मिनिटं जास्त धरते.

त्या दिवशी धाकटे साहेब बराच वेळ आपल्या खोलीत बसून होते. थोरल्या साहेबांना त्यांनी स्वतःहून फोन लावला आणि अर्धा तास बोलून घेतलं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “खरं छापू या.” आमच्या धंद्यात हा प्रयोग पूर्वी झालेला नव्हता, त्यामुळे त्याविरुद्ध कुठलाही नियम सापडला नाही. काकांचं सल्लागार होणं बारगळलं. क्रमांक सत्तावीस बंद झाला आणि जुनी झुळूक नव्या खोक्यात बाहेर पडली. त्यावरचा मजकूर मी एका बैठकीत लिहिला. सर्दी नसताना लिहिलेलं ते माझं एकमेव वर्णन: ‘झुळूक. अठरा मिनिटं टिकते. मग पुन्हा लावावी, किंवा आठवावी.’

काकांनी तो मजकूर वाचला आणि खोकं नाकाशी नेलं. “शाई बरी आहे,” म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी चौतीस वर्षांत कोणाला मिळालेली नाही.

सुरुवात छान झाली. बाईंचं अभिनंदनाचं पत्र आलं (शिवाय एक दुरुस्ती: खिडकी बंद असल्यास सरासरी साडेअठरा). मग दुकानांतून खोकी परत यायला लागली. पहिल्या महिन्यात दहातली चार, दुसऱ्या महिन्यात दहातली सात. समाधानाच्या संधी इतक्या आल्या की मला दुसरं टेबल मिळालं. एकानं लिहिलं, ‘मला कामावर पोचायलाच चाळीस मिनिटं लागतात, मग तुमचा वास काय बसस्टॉपवर ठेवून जाऊ?’ एकीनं लिहिलं, ‘लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं झुळूक आणली. अठरा मिनिटं वाचून मला बोलणंच सुचेना.’ आणि बहुतेकांनी लिहिलं की शेजारच्या कंपनीचा लिंबाचा सेंट दोन दिवस टिकतो, तसं स्पष्ट छापलेलंच आहे. आम्ही तो मागवला. काकांनी पट्टीवर थेंब टाकून बाईंच्या पद्धतीनं घड्याळ लावलं. सोळा मिनिटं.

हंगाम संपता संपता साहेबांनी जड मनानं सभा बोलावली. झुळुकेच्या खोक्यावर ‘दिवसभर’ परत आलं, शेजारी एक चांदणी आली, आणि चांदणीचा खुलासा खोक्याच्या तळाशी, जिथे चिकटपट्टी लागते तिथे गेला. आणि क्रमांक सत्तावीस पाच लिटरच्या डब्यात भरून फरशी पुसण्यासाठी विकायला काढला. त्यावर मी काहीच अतिशयोक्ती केली नाही, नऊ दिवस टिकतो एवढंच छापलं. तो हातोहात खपतो. त्याच्या जोरावर काकांना मागच्या खोलीत एक मदतनीस, एक पंखा आणि पाहिजे तितकी संत्री मिळाली आहेत, आणि महिन्यातून एकदा बाई अकरा पाचला येऊन त्यांचे आकडे तपासून जातात. काका हल्ली डब्यात कधीकधी कच्चा कांदा आणतात. नाकाला सुट्टी लागते, म्हणतात.

इथवर वाचून वाचकाचं मत काय झालं असेल, याची मला व्यवसायामुळे कल्पना आहे. कंपन्या खोटं बोलतात, साधी माणसं फसतात, आणि आपल्याला कोणी एकदा खरं सांगितलं असतं तर आपण ते डोक्यावर घेतलं असतं. मीही तसंच समजत होतो. म्हणून त्या उन्हाळ्यात मी स्वतः एका दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर तीन दिवस बसलो आणि खऱ्या खोक्याचं काय होतं ते पाहिलं. तुम्ही आलात. खोकं उचललंत, वाचलंत, ‘आठवावी’ या शब्दापाशी थोडे हसलातही. मला बरं वाटलं. मग तुम्ही ते फळीवर परत ठेवलंत, अक्षरं भिंतीकडे करून, आणि शेजारचं दोन दिवसवालं घेतलंत. दुकानदाराला पिशवीही मागितली नाहीत, इतकी घाई होती.